दाढीनंतरचं मलम

माझ्या तोंडावर पहिली पुटकुळी आली तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो आणि मला दोन मुलं होती. शाळेत असताना बरोबरीच्या मुलांची तोंडं मुरमांनी भरलेली असायची. माझं स्वच्छ होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणी कौतुकही केलं नव्हतं.

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. हे पद डॉक्टरचं नव्हे. पण गायीच्या मागं उभा राहून जो कोपरापर्यंत हात घालतो त्याला आमच्याकडं डॉक्टर म्हणतात, तसं मलाही म्हणतात. आधी सहा वर्षं मी जतकडं होतो. तिथं टँकरच्या पाण्यानं दोन तांब्यांत आंघोळ व्हायची, दिवसभर मेंढ्यांचा धुरळा तोंडावर बसायचा, आणि तोंड ठणठणीत होतं. मग बदली होऊन मी गावाकडं आलो. आमचं गाव रहिमतपूरपासून जवळ आहे. बारमाही पाणी आहे, उसाची सावली आहे. इथं आल्यावर वर्ष-दीड वर्षानं तोंड बिघडलं. मी पाण्याला दोष दिला. बायको म्हणाली, "ह्या पाण्यावर तुमी लहानाचं मोठं झालायसा." ते खरं होतं, पण दोष द्यायला दुसरं काही सापडत नव्हतं.

गावच्या चौकात जुनं सलून आहे. ते चालवणारे गृहस्थ माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणतो. माझी पहिली दाढी त्यांनीच केली होती, बारावीच्या फॉर्मवर फोटो लावायचा होता म्हणून. बदलीहून परत आल्यावर बुधवार आणि रविवार हे माझे दाढीचे वार ठरले. मामांचा हात हलका आहे. वस्तरा गालावरून फिरतोय की नुसता दाखवतायत हे कळत नाही.

दाढी झाली की ते तुरटी फिरवायचे, आणि मग आरशामागच्या फटीतून एक पांढरी ट्यूब काढायचे. ती कायम शेपटीकडून गुंडाळलेली असायची, त्यामुळे तिच्यावरचं नाव कधी दिसलं नाही. बोटाच्या पेरावर हरभऱ्याएवढं मलम घेऊन ते माझ्या दोन्ही गालांना चोळायचे.

"सगळ्यास्नी लावत न्हाई मी हे," ते म्हणायचे. "तुमी जनावरांत काम करताय, म्हनून."

पुढं मला कळलं की ते सगळ्यांनाच लावत. कारण तेवढं माणसागणिक वेगळं असायचं. ट्रॅक्टरवाल्याला धुरळ्याचं, फौजेतनं सुट्टीवर आलेल्याला तिकडच्या थंडीचं, मास्तरांना खडूचं.

पहिल्या वर्षी माझं तोंड फार चांगलं झालं. गाल गुळगुळीत झाले, रंग उजळला. एका लग्नात बायकोच्या बहिणीनं तिला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी काय लावतात गं?" बायकोनं हे मला घरी येऊन सांगितलं, थोड्या रागानं, कारण तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

मग मला आठ दिवस प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. तिथं मी स्वतःच दाढी केली. चौथ्या दिवशी हनुवटीवर तीन पुटकुळ्या आल्या, सहाव्या दिवशी दोन्ही गाल भरले. परत आल्या आल्या सलूनमध्ये गेलो. मामांनी मलम लावलं, दोन दिवसांत सगळं बसलं.

"बघितलासा?" मामा म्हणाले. "पुन्याचं पानी."

मला ते पटलं. लक्षणं बघून निदान करणं हे माझं रोजचं काम आहे आणि तरीही मला ते पटलं. त्यानंतर मी बुधवार-रविवार चुकवेनासा झालो. चुकला तर पुटकुळ्या यायच्या, गेलो की जायच्या. मामांवर माझी श्रद्धा बसली. पुढं पुढं तीन दिवसांचं अंतरसुद्धा तोंडाला सोसेना. तेव्हा मामांनी एका रिकाम्या डबीत बोटभर मलम काढून दिलं आणि म्हणाले, "आंघूळ झाली की जरा जरा लावत जावा. कुनाला सांगू नगासा." मी रोज लावायला लागलो. काही महिन्यांत असं झालं की लावलं तरी पुटकुळ्या येत होत्या आणि नाही लावलं तर तोंडाला आग लागत होती. गालांवर बारीक लव वाढली. उन्हात गेलो की तोंड लालबुंद व्हायचं, टोमॅटोसारखं, आणि नाकाच्या बाजूला केसाएवढ्या लाल शिरा दिसायला लागल्या.

मग ज्यानं त्यानं उपाय सांगितले. आईनं सहाणेवर रक्तचंदन उगाळून दिलं. बायकोनं तळलेलं बंद केलं, माझ्यापुरतं. एका आजीबाईंच्या म्हशीला खरूज झाली होती, तिला मी औषध देत होतो. त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, म्हशीचं उरलं तर तुमीबी लावा की रं बाबा थोडं."

त्या दिवशी मी घरी येऊन हे हसत सांगितलं. बायको हसली नाही. ती घरीच ब्लाउज शिवते, लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत नसते. तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "गुरवारी मिरजेला जायाचं."

आमच्या भागात आजार मिरजेला गेला म्हणजे तो खरा आजार. तोवर ती नुसती तक्रार असते. आम्ही रहिमतपूर स्टेशनवर सकाळची पॅसेंजर धरली. मिरजेत त्वचेच्या डॉक्टर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी भिंगातून माझे दोन्ही गाल बघितले, मग भिंग बाजूला ठेवून नुसत्याच बघितले.

"तोंडाला काय लावता?"

"साबण."

"आणखी?"

"काही नाही."

मला खोटं बोलायचं नव्हतं. दाढीनंतर जे लावतात ते दाढीतच धरायचं असतं, अशी माझी समजूत होती. बायको म्हणाली, "आवं, ते मलम?"

"कुठलं मलम?" मॅडमनी विचारलं.

नाव आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "विचारा." मी तिथंच बसून मामांना फोन लावला.

"मामा, त्या मलमाचं नाव वाचून सांगा जरा."

"आत्ता? खुर्चीत गिऱ्हाईक हाय. फेस लावलाय त्येला." मग आरशामागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. "बसू द्या. चष्मा घालतो. लय बारीक लिवलंय हो. इंग्लिशमदी हाय."

"अक्षरं सांगा एकेक."

"बी," मामा म्हणाले. मी मॅडमना म्हणालो, बी. "ई. टी. ए. यम. ई. टी. यच."

मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होतो आणि मॅडम लिहीत होत्या. आठव्या अक्षराला मी थांबलो. पुढची मला पाठ होती. ए, एस, ओ, एन, ई. बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड.

"लिवून घेतासा न्हवं?" फोनवरून मामा विचारत होते. "खाली आनि दोन नावं हायत. सांगू का?"

"पुरे, मामा."

"मॅडमना पायजे असली तर सांगा. शिल्लक हाय."

हे मी मॅडमना सांगितलं नाही. फोन ठेवला. मॅडमनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं.

"मग तुमच्या कपाटात असेल हे."

"ह्याचं भावंड आहे," मी म्हणालो.

 माझ्या दवाखान्याच्या कपाटात दुसऱ्या फळीवर त्याच जातीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं. त्याचा चांगला उपयोग आहे, योग्य वेळी, मोजक्या दिवसांसाठी. पण बाजाराच्या आदल्या दिवशी लंगडी गाय चालती करायलाही लोक तेच मागतात. आत दुखणं तसंच असतं, वरून गाय दोन दिवस झकास चालते, आणि ती तशी विकली जाते. मी देत नाही. त्यावरून माझी भांडणं झाली आहेत. दहा वर्षं मी ते कुणाच्या लंगड्या गाईला दिलं नाही, आणि त्यातली शेवटची अडीच वर्षं बुधवारी-रविवारी मान वर करून स्वतःच्या तोंडाला लावून घेतलं.

मॅडमनी समजावून सांगितलं. हे औषध वाईट नाही, पण चेहऱ्यावर रोज, महिनोन् महिने लावायचं नाही. कातडी पातळ होते, लव वाढते, मुरूम येतात, आणि मग तोंडाला त्याची सवय लागते. आजपासून ते बंद. वस्तरा बंद, कात्रीनं दाढी बारीक करायची. सौम्य साबण, साधं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन, आणि काही आठवडे गोळ्या.

"एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "आधी वाढेल. महिना, दीड महिना. लोक म्हणतील डॉक्टरनं बिघडवलं. तुम्हालाही तसंच वाटेल. तेव्हा ते मलम परत लावायचं नाही."

गाडीत बायकोनं विचारलं, "आता मामांना काय सांगनार?" मी म्हटलं, बघू. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हंजे काय बी सांगनार न्हाई."

दाढी वाढायला लागली तसे लोक विचारायला लागले. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी हळू आवाजात विचारलं, कोण गेलं? कुणी गेलेलं नाही म्हटल्यावर नवस ठरला. तो कशाचा यावर दोन मतं होती. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे मी नोकरी सोडून उभा राहणार असंही एक मत निघालं, आणि दोघांनी मला मत द्यायचं कबूल केलं. गावातले एक निवृत्त हवालदार म्हणाले, "आमच्यात दाढी ठेवायला परवानगी लागायची. तुमी घेतलीया का?"

सनस्क्रीनची अडचण वेगळी होती. ते तोंडावर पांढरं राहायचं. गोठ्यात शिरलो की मालक आधी माझ्याकडं आणि मग जनावराकडं बघायचा. "डाक्टर, गालाला चुना लागलाय तुमच्या," एकजण म्हणाला आणि स्वतःच्या उपरण्यानं पुसायला पुढं आला. मी मागं सरलो. तो जरा दुखावला.

तिसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला. तोंडभर पिवळ्या डोक्याचे फोड उठले, कातडी ओढल्यासारखी झाली, चुलीपुढं बसलो तरी भाजल्यासारखं व्हायचं. बोललो की गाल दुखायचे, म्हणून मी कमी बोलायला लागलो. धाकटी मुलगी जवळ यायची, पण तोंडाला हात लावायची नाही. तिला तिच्या आईनं तसं सांगितलं होतं. दवाखान्यात मी होता होईल तो जनावराच्या पलीकडच्या बाजूला उभा राहायचो. जनावरांना काही फरक पडत नव्हता. गाय पूर्वीसारखीच लाथ मारायची.

एका दुपारी मी कोरेगावला कामाला गेलो होतो. तिथं एका मेडिकलसमोर माझी गाडी उभी राहिली. मीच उभी केली होती, पण तेव्हा तसं वाटलं नाही. दुकानदारानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मी काही बोलायच्या आत ती पांढरी ट्यूब काढून समोर ठेवली. चिठ्ठी मागितली नाही. "लय चालतंय हे," तो म्हणाला. मी त्या ट्यूबकडं बघत राहिलो. नाव अगदी स्पष्ट छापलेलं होतं, आणि शेजारी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हेही. दोन दिवसांत तोंड गार होईल हे मला माहीत होतं.

"जुलाबाची पावडर द्या," मी म्हणालो. ती घेऊन घरी आलो. घरात कुणाला जुलाब नव्हते.

या सगळ्यात मी सलूनवरून जायचं टाळत होतो. दवाखान्याला जायचा रस्ता चौकातूनच जातो, त्यामुळे टाळणं म्हणजे नुसती मान खाली घालून जाणं. मामांना वाटलं, मी रहिमतपूरच्या नव्या एसी सलूनमध्ये जायला लागलो आणि तिथं दाढीची फॅशन करून घेतली. ते कुणाकडं तरी बोललेही, "चालायचंच. शिकल्याली मानसं." मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. हा गैरसमज सोपा होता.

मग एका सकाळी मामांची मुलगी शेळी घेऊन दवाखान्यात आली. मामांना ही एकच मुलगी. बावीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते, रोज कारखान्याच्या रस्त्यानं पळते. शेळीच्या कानाला खरूज झाली होती. मी कान बघत होतो आणि तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडून घाम पुसला. गालांवर तीच लव, नाकाच्या बाजूला त्याच लाल शिरा, कपाळावर बारीक फोड. आरशात बघितल्यासारखं झालं, फक्त दाढी नव्हती.

"उन्हानं होतंय काका," ती म्हणाली, मी बघतोय हे बघून. "पप्पा मलम देतात. लावलं की बरं वाटतं."

"किती दिवस लावतेस?"

"झालं की वर्ष."

मी शेळीचं औषध दिलं. कान कसा धुवायचा ते सांगितलं. शेळीला हात लावल्यावर हात धुवायला सांगितलं. ती गेली.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिला काय सांगितलासा?"

"हात धुवायला."

तिनं माझी चप्पल उचलून दाराशी नीट ठेवली. मी उठलो आणि ती घातली.

दुपारची वेळ होती, सलून रिकामं होतं. मामा पेपर वाचत होते. मी आत गेलो आणि सवयीनं खुर्चीत बसलो, ते चुकलंच. मामांनी पेपर ठेवला, माझ्या मानेभोवती टॉवेल टाकला आणि गाठ मारली.

"एसी बंद पडला व्हय?" ते म्हणाले.

"दाढी नको. बोलायचं होतं." टॉवेल तसाच राहिला. मी आरशात बघून बोलत होतो, तेही आरशातच ऐकत होते. "मामा, ते मलम बंद करा."

"तुमचं तर बंदच हाय की."

"सगळ्यांचं. आधी पोरीचं."

मिरजेच्या मॅडम काय म्हणाल्या ते मी सांगितलं. दाढी का ठेवली ते सांगितलं. मामांनी मधे तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हंजे माज्या हातानं तुमचं तोंड बिघडलं."

"तुमच्या हातानं नाही. त्या ट्यूबनं."

"ट्यूब काय आपसूक चालत येती व्हय तोंडावर?"

 मी म्हणालो, "चूक माझीही आहे. माझ्या कपाटात हेच असतं. मी लोकांना नको म्हणून सांगतो."

"मग अडीच वर्सं का न्हाई बोललासा?"

"मी नाव वाचलं नाही."

"मीबी न्हाई वाचलं," मामा म्हणाले. "मेडिकलवाल्यानं दिलं. समद्या सलूनवाल्यास्नी देतोय म्हनला." त्यांनी टॉवेलची गाठ सोडली, टॉवेल झटकला. त्यावर एकही केस नव्हता. "जावा आता."

मी गेलो. त्यानंतर तीन आठवडे आमचं बोलणं नव्हतं. माझं तोंड हळूहळू निवत होतं. फोड सुकले, डाग राहिले, आग कमी झाली. सकाळी तोंड धुताना पाणी नुसतं पाण्यासारखं लागलं तो दिवस मला आठवतो. मी दोनदा धुतलं.

पुढच्या तपासणीला मी एकटाच निघालो. सोमवार होता. रहिमतपूरच्या फलाटावर मामा उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि शेजारी त्यांची मुलगी, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये बांधलेलं. मामांनी मला बघितलं आणि दुसरीकडं बघितलं. गाडी आली तेव्हा मात्र ते माझ्याच डब्यात चढले आणि माझ्या समोरच्या बाकावर बसले.

 कराडला गाडी थांबली, मामांनी खिडकीतून तीन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला.

"तुमी माज्याशी बोललासा त्या दिवशी ही घरातच हुती," ते म्हणाले. "मी जेवताना हिच्या आईला सांगत हुतो, तुमी कसं आलासा आनि काय बोललासा. हिनं ऐकलं आनि बंद केलं. मी म्हनलं हुतं, बंद करू नगं. दाखव काकांना."

मुलीनं स्कार्फ खाली केला. मी बघितलं. "माझं तिसऱ्या आठवड्यात असंच होतं," मी म्हणालो.

"काका, किती दिवस राहतं?"

"माझं दीड महिना."

तिनं बोटांवर मोजलं. "मग ग्राउंडला असंच जावं लागणार." ग्राउंड म्हणजे भरतीची शारीरिक चाचणी. "पळायला चालतंय ना पण?"

"मॅडमना विचार."

ती परत स्कार्फ बांधून खिडकीकडं वळली. मामा चहाचा कप हातात फिरवत होते. मग तिला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात, म्हणजे आम्हा तिघांनाही ऐकू येईल अशा आवाजात, म्हणाले, "तिनं मागितलं नव्हतं. मीच आनून दिलं. पळून पळून काळी पडली हुती. बघायला येनार हुती मानसं. म्हनलं, जरा उजळंल." चहाचा शेवटचा घोट घेऊन पुन्हा म्हणाले, "उजळली हुती."

 बाहेर ऊस होता, मग पुन्हा ऊस.

मॅडमनी आधी मला बघितलं आणि ठीक चाललंय म्हणाल्या. मग मुलीला बघितलं, तिच्याशी बराच वेळ बोलल्या. पळायला हरकत नाही, ऊन चढायच्या आत पळायचं, आल्यावर तोंड साध्या पाण्यानं धुवायचं, रुमालानं घासायचं नाही. मामा कोपऱ्यात उभे होते. मीच सांगितलं, "हे ते सलूनवाले मामा." फोनवर अक्षरं सांगणारे ते हेच, हे मॅडमना आठवलं. मामांनी दोन्ही हात पुढं धरले होते, शिक्षा ऐकायला आल्यासारखे.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "रोज किती दाढ्या होतात?"

"पंदरा. सनासुदीला तीस." मग मामांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं. "मॅडम, मग दाढीनंतर लावू काय? गिऱ्हाईकाला तसंच मोकळं कसं सोडायचं?"

"थंड पाणी लावा. जळजळत असेल तर साधं मॉइश्चरायझर, बिनवासाचं."

"वासच न्हाई तर गिऱ्हाईकाला कळनार कसं, लावलंय म्हनून?"

मॅडमनी यावर खरंच विचार केला. "त्यांना सांगायचं," त्या म्हणाल्या.

मामांनी सांगितलं. ते मला नंतर इतरांकडून कळलं. एकेका गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवून, वस्तरा हातात असताना, त्यांनी सांगितलं की आजवर मी तुमाला जे लावत हुतो ते लावायचं नव्हतं. वस्तरा गळ्याशी असल्यानं कुणी वाद घातला नाही. वाद नंतर झाले. काहींचं तोंड महिनाभर फुललं, ते येऊन बोलून गेले. काहींना मलम हवंच होतं, ते एसी सलूनमध्ये गेले; तिथं ते मिळतं असं म्हणतात. निवृत्त हवालदारांनी तर मामांवर ठपका ठेवला की म्हातारपणी चिकटपणा करायला लागले. मामांचं गिऱ्हाईक कमी झालं. याबद्दल ते मला कधी काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

मुलीचं तोंड पाच महिन्यांनी निवलं. ग्राउंडला ती लाल तोंडानंच गेली आणि पळण्यात चांगले गुण मिळवले. लेखी परीक्षेत थोडक्यात हुकली, आता परत तयारी करते आहे. बघायला येणारी माणसं मधे येऊन गेली. कळवतो म्हणाली, कळवलं नाही. याचं मामांना वाईट वाटलं. मुलीनं माझ्या बायकोकडं शिवायला टाकलेला ब्लाउज नेताना सांगितलं की बरं झालं, नाहीतर तिलाच नाही म्हणावं लागलं असतं, आणि घरात ते जड गेलं असतं.

मी आखूड दाढी ठेवली आहे. मामा ती रविवारी कात्रीनं सारखी करतात, मग थंड पाण्याचा हात फिरवतात आणि मोठ्यानं सांगतात, "पानी लावलंय."

गेल्या महिन्यात हनुवटीखाली पुन्हा दोन पुटकुळ्या आल्या. मी घाबरून मिरजेला गेलो. मॅडमनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, हे काही त्या मलमाचं नाही, हे साधे मुरूम आहेत, मोठ्या माणसांनाही येतात. रात्री लावायला एक औषध लिहून दिलं, फोडू नका म्हणाल्या. बाहेर येऊन मी आधी ट्यूबवरचं नाव वाचलं, मग बायकोला फोन केला.

"साधे आहेत म्हणे," मी सांगितलं.

"मग आता?" तिनं विचारलं.

"आता काही नाही. यायचे तेव्हा येणार."

"बरं," ती म्हणाली. "येताना मिरजेतनं बारा नंबरच्या सुया आना." मशीनचा आवाज परत सुरू झाला.